जवळ

मला ठेवलं होतं नायकाच्या मराठीत
थोडं ग्वाल्हेर कालवायला.
दिवसाचे दीड हजार, जेवण वेगळं.
पुण्याची इस्त्रीची भाषा त्याची.
मी म्हणायचे, अहो, आमच्याकडे येतोय नाही म्हणत,
येऊन राहिलाय म्हणतात.
आणि तो ळ, एवढा वळवू नका,
जिभेवरून घसरू द्या.
पोरगा गुणी. दोन दिवसांत जमलं.

गोष्ट साधी: सरदारांचा एकुलता एक,
जन्मभर पायाखाली जाजम,
एका दुपारी मागची खिडकी उघडतो
आणि त्याला गल्ली दिसते.
एवढंच. दिसते.
त्यासाठी क्रेन आणली इंदूरहून.

कंपूतली काटकरांची कोठी भाड्यानं घेतली.
खिडकी खरी, गल्लीही खरी,
फक्त पुरेशी गरीब दिसेना.
म्हणून शकीलाच्या दाराचा नवा निळा रंग
खरवडून काढला, परत देऊ म्हणाले,
छपरांवरच्या छत्र्या उतरवल्या
आणि नाल्याच्या कोपऱ्यावर बसवला एक हापसा.
मी सांगितलं, इथं हँडपंप म्हणतात.
मॅडम, साताऱ्याला कळायला पाहिजे.

हुबेहूब होता. गंजाचा रंग दिलेला,
दांडा खाली-वर व्हायचा, कुरकुरायचासुद्धा.
खाली दोन फूट सिमेंट, पुढे काही नाही.
बायका रांगेत, साडेतीनशे रोजावर,
रिकाम्या घागरी भरल्यासारख्या कमरेवर पेलत.
रामकटोरी चौदा वेळा वाकली,
नायक चौदा वेळा जागा झाला.
पंधराव्या वेळी ती म्हणाली,
भैया, अब तो सच्ची में प्यास लग आई.
सगळे हसले. कुणीतरी बाटली दिली.

खरे मालक आबासाहेब, वय एकोणऐंशी,
सफारीत, खुर्ची टाकून मॉनिटरपाशी.
आपल्या खिडकीतून दिसणारी गल्ली
वीतभर काचेत पाहायचे, पापणी न हलवता.
त्या खिडकीपुढे कालपर्यंत कपाट होतं,
आईसाहेबांच्या शालूंचं.

सगळे गेले, ट्रकमधून हापसाही गेला.
चौथ्या दिवशी फोन:
बाई, तो पंप कुणी नेला?
कोणता?
गल्लीतला. आता ते लोक पाणी कुठून भरतील?

माझं दूध गॅसवर.
म्हटलं, आबासाहेब, तो सिनेमाचा होता.
मग आधी?
आधी काहीच नव्हतं.
तिघऱ्याचं पाणी एक दिवस आड, पहाटे चारला,
उन्हाळ्यात टँकर.
तुमच्या फाटकाशीच थांबतो. हॉर्न वाजतो ना?

बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाले, तो हॉर्न होय.
मी कलेक्टरला पत्र लिहिलंय त्याच्याबद्दल.
दोनदा.
झोपमोड होते म्हणून.

दूध उतू गेलं.

आता त्या खिडकीतून एक हिरवा पाइप
खाली लोंबतो. विहिरीवरची जाळी कापली त्यांनी,
पुतण्याच्या वकिलाची नोटीस आली आहे.
संध्याकाळी तासभर, वीज असली तर.
रामकटोरी म्हणते, खारं आहे, भांड्यांपुरतं.
आणि त्यांना काही सांगत नाही.

सिनेमा लागला तेव्हा गेलो आम्ही,
मी आणि शकीला, शेवटून तिसरी रांग.
आबासाहेब आले नाहीत. म्हणाले, मी पाहिलाय.
दार पडद्यावर आलं तशी तिनं
कोपरानं ढोसलं मला: मेरा है.
रंगाचं तिनं विचारलं नाही.
मीही काढलं नाही.

खिडकी उघडली. सारंगी. त्याचे डोळे भरले.
इतक्या जवळ राहतात हे? तो म्हणाला.
पुढच्या रांगेत कुणी नाक ओढलं.
मी तेवढा ळ ऐकत होते.
बरोबर घसरला होता.