वाघीण क्रमांक ४१७

आमची स्थानकं तीन.
एक माझं, कणकवलीला, पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर.
एक खेडला, दिलावर पारकर कवळ्या बनवतो त्या खोलीत;
उरल्यासुरल्या प्लास्टरचा त्याने घाट उभा केलाय,
नीट पाहिलं तर एका डोंगराला दाढा आहेत.
तिसरं वेंगुर्ल्याला, जिथे रेल्वे कधी आलीच नाही.
तोरसकरबाईंनी ती आणली
जेवणाच्या टेबलाखालून,
फ्रीजला वळसा घालून, थेट बंदरापर्यंत.

वाघिणी मात्र सामायिक.
वॅगनला वाघीण म्हणणारा पहिला कारकून कोण, देव जाणे.
वडील मिरजेच्या यार्डात होते.
‘आज चाळीस वाघिणी अडकल्या’ म्हणत पाटावर बसायचे,
आणि मी उठून मागच्या दाराला कडी घालायचो.

प्रत्येक वाघिणीच्या तीन प्रती, क्रमांक एक.
४१७ जर वेंगुर्ल्यात फिरत असेल
तर माझी ४१७ चपलांच्या खोक्यात,
पारकरची बिस्किटांच्या डब्यात.
बाई तिच्यात शिरोड्याचं मीठ भरतात, खरंच, चमच्याने.
चिठ्ठी लिहितात: माल, कुठून, कुठे, शेरा.
मग रुळावरून तिला उचलून
स्वतःच्या हाताने झाकण लावतात.

पुढचे तीन दिवस ती वाटेत.
म्हणजे कुठेच नाही.
तीन झाकणं बंद, आणि तरीही
कोणीतरी मीठ घेऊन चाललंय.
आता वैभववाडी, म्हणतो मी दात घासताना.
आता विलवडे.
आता रत्नागिरीला बाजूच्या रुळावर, पुढची गाडी जाईस्तोवर.
बायको म्हणते, एकच खेळणं तीन घरांत विकत घ्यायचं
आणि दोघांनी लपवून ठेवायचं,
याला तुम्ही वाहतूक म्हणता.

कोणी तपासत नाही. तपासणार तरी काय?

मार्चमध्ये, दुसऱ्या रात्री, झोप येईना.
खाली जातं थंड, वर माळ्यावर पिठाचा वास.
माझ्या हद्दीतून ती जात होती, न थांबता,
आणि मी तिचा स्टेशनमास्तर, मला ती दिसत नव्हती.
झाकण काढलं.
४१७. रिकामी. एका कोपऱ्याचा रंग उडालेला.
रुळावर ठेवली, बटण फिरवलं,
एक फेरी, मग अजून एक.
तेवढ्यात खरी मालगाडी आली,
पाठीवर ट्रकच ट्रक घेऊन,
खिडकीची काच वाजली, तक्ता हलला,
आणि माझी सगळी छोटी गाडी जागच्या जागी शहारली.
मी चोरासारखी तिला पुसली, चाकंसुद्धा,
खोक्यात ठेवली.

कोणाला कळलं असतं?
तरी सकाळी चिठ्ठीच्या फोटोवर लिहून पाठवलं.
वाटेत विलंब: अकरा मिनिटं.
कारण: बघायची होती.

दुपारी वेंगुर्ल्याहून फोन.
‘काय ओ, माजां मीठ खंय फिरवलात?’
मी गप्प.
‘विलंब शुल्क भरूचा लागतला. दोन किलो नाचणीचा पीठ.
नि बारीक दळा, मागच्यासारखा नको.’
संध्याकाळच्या एसटीत कंडक्टरच्या पायाशी
पिशवी ठेवली, गाठ दोनदा मारून.
आमच्या धंद्यातला हा पहिला माल
ज्याला वजन होतं.

चौथ्या दिवशी खेडहून फोटो.
दाढांच्या डोंगराखाली ४१७ उभी,
पारकरचंच मीठ, पारकरचाच चमचा बाजूला,
आणि मिठावर एका कडेला
पांढरी, बारीक भुकटी सांडलेली.
शेऱ्याच्या रकान्यात त्याचं गिचमिड अक्षर:
माल पोचला. कणकवलीचं पीठ लागलेलं आढळलं.

ते पीठ होतं की कवळीचं प्लास्टर
फोटोत कळत नाही.
मी विचारलं नाही.