अठरावी तक्रार

गुन्वोर इसाक्सनची ही सतरावी तक्रार.
अक्षर टोकदार, मासे चिरणाऱ्या हाताचं,
आणि शेवटी नेहमीचंच:
"उत्तराची वाट पाहत नाही."

जुन्या फिश फॅक्टरीसमोर, तिसऱ्या मजल्यावर
तिच्या झोपायच्या खोलीची खिडकी.
बाहेर वीतभर कठडा.
क्रिक्येला तेवढा पुरतो.
पहाट झाली की स्वतःचंच नाव घेऊन ओरडणारा पक्षी,
आणि आमच्याकडे जूनमध्ये पहाट संपतच नाही.

कड्यांवर आता गरुड टपून असतात,
समुद्रात मासा पूर्वीसारखा राहिला नाही,
म्हणून ती गावात आली, चोचीत चिखल घेऊन,
आणि आमच्या इमारतींना कडे समजली.
यात तिची चूक नाही
असं मी पत्रात कधी लिहिलं नाही.
पत्रात मी कलम लिहिते.
पहिलं अंडं पडेपर्यंत कठडा तुमचा,
नंतर सरकारी.
काठी लावायची नाही, पाणी मारायचं नाही,
धुवायचीच तर खालची फरशी धुवा.
हळू.

मार्चमध्ये आम्ही जाळी लावून दिली होती, नियमात बसणारी.
वादळानं तिचा कोपरा उचकटला,
तिथून क्रिक्येची ये-जा सुरू झाली.
मग जूनच्या एका वाऱ्यानं
तोच कोपरा पिळून बंद केला.
मादी आत, दोन अंड्यांवर.
नर बाहेर, जाळीला लटकून.

मी फोटो काढले. अर्ज केला:
जाळी कापण्याची परवानगी मिळावी,
कारण कापताना घरट्याला त्रास होईल
आणि त्रास द्यायला मनाई आहे.
ट्रोनहाइमहून उत्तर आलं:
अर्ज मिळाला. तीन आठवडे लागतील.

गुन्वोर फोनवर म्हणाली,
"ओरडण्याची मला सवय आहे.
हे ओरडणं वेगळं आहे."

अंधार असता तर बरं झालं असतं.
रात्री दोनच्या लख्ख उन्हात
तिसऱ्या मजल्यावरून एक बाई कमरेपर्यंत बाहेर वाकली,
एक्काहत्तर वर्षांची, झोपायच्या झग्यात,
हातात तोच पातळ सुरा
ज्यानं तिनं तीस वर्षं कॉडच्या पाठी उघडल्या.
बेकरीवाला एव्हिंद जागा होता.
बंदरावर गळ टाकून बसलेली दोन पोरं जागी होती.
मीही माझ्या खिडकीत जागीच होते.
कुणी काही पाहिलं नाही.

सकाळी टेबलावर अठरावी तक्रार:
"तुमची जाळी वाऱ्यानं फाटली. माल निकृष्ट.
पक्षी येतो, जातो, घाण करतो.
झोप नाही. कारवाई करा."

पाहणीला गेले.
दोऱ्या एका रेषेत कापलेल्या,
एक धागा विस्कटलेला नाही.
इतकं सफाईनं फाडायला
वाऱ्यानं बरीच वर्षं फॅक्टरीत काढलेली असावी लागतात.
वहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं: वारा.

तिनं कॉफी ओतली, न विचारता.
आम्ही काहीच बोललो नाही.
बोललो असतो तरी
त्या कलकलाटात कुणाला ऐकू येणार होतं.