कोळसा पुसायचा पाव

पहिलं वर्षभर मी एक कान काढला.
प्लास्टरचा. पाळीचा टवका उडालेला.
ग्युमरीतल्या त्या शाळेत उत्तरेची एकच खिडकी शाबूत होती,
बाकीच्यांना पुठ्ठे.
वार्पेत मेलिक्सेत
(वार्पेत म्हणजे उस्ताद; आमच्याकडे गवंड्यालाही तेच म्हणतात)
दोऱ्याला शिसं बांधून माझ्या डोळ्यांसमोर धरायचे.
"आधी ओळंबा. मग कान."

माझा बाप गवंडी, काळा ज्वालामुखी दगड रचणारा.
ओळंबा मी चालायला लागायच्या आधीपासून पाहिलेला.
त्या डिसेंबरात जमीन हलली
आणि त्याच्या सरळ भिंतीही वाकड्या भिंतींसारख्याच पडल्या.
मी वार्पेतना हे ऐकवलं, जरा उर्मटपणेच.
ते म्हणाले, "दोरा कुणाला वचन देत नाही, आर्पेनिक.
आत्ता काय कुठं आहे, एवढंच सांगतो."

खोडरबर नव्हतं.
कोळशाची रेघ पुसायला पाव लागायचा,
आतला मऊ भाग, चिमटीत मळून.
आणि पाव रेशनचा, माणशी एवढासा.
वीज दिवसाला तासभर, तीही लहर लागली तर.
रेघ चुकली की रात्रीचा घास कमी.
शेजारच्या इझलवरचा सेत्राक
पुसून काळा झालेला गोळासुद्धा गिळायचा,
वर पाणी.
मी न चुकायला शिकले.
तीनदा बघायचं, डोळे बारीक करून पुन्हा बघायचं,
मग हात उचलायचा.
लोक माझ्या संयमाचं कौतुक करतात.
तो संयम नाही,
भूक आहे.

रंग तिसऱ्या वर्षी. तेही चारच:
पांढरा, पिवळी माती, तांबडा, काळा.
"बर्फ पांढरा असतो हे तुला ठाऊक आहे ना?
मग ते बाहेर बुटांपाशी काढून ठेव आणि आत ये."
त्या दिवशी खिडकीबाहेरचा बर्फ
जुन्या जखमेसारखा जांभळट होता.
तो त्या चार रंगांतून मला निघाला, पण संध्याकाळ झाली.
आणि तोवर तो जांभळट उरला नव्हता.

यापुढे आयुष्यात कान काढणार नाही,
असा मी कानालाच खडा लावला होता.

गेल्या हिवाळ्यात न्वार्द आली.
जमिनीतल्या भट्टीत लवाश भाजते,
कोपरापर्यंत चटक्यांचे डाग.
नवऱ्याचा पासपोर्टचा फोटो पुढं केला.
"मोठा करून दे याला."
म्हटलं, फोटोवरून नाही जमत.
समोर जे असतं तेवढंच मला येतं.
ती एक शब्द न बोलता गेली.
दुसऱ्या दिवशी त्याचा कोट घेऊन आली,
खुर्चीच्या पाठीवर अडकवला,
खांदे नीट केले आणि म्हणाली,
"हा आहे समोर."

एकोणीस दिवस मी तो कोट काढला.
मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. काही विचारलंही नाही.
कॉलरची आतली तेलकट कड,
डाव्या बाहीवर पीठ की बुरशी, ठरेना,
म्हणून दोन्ही न म्हणता नुसता तो राखाडी.
डावा खिसा उजव्यापेक्षा बोटभर खाली लोंबत होता.
दोरा धरून पाहिला. खराच बोटभर.

न्वार्दनं चित्र पाहिलं आणि चिडली.
"अक्रोडांचं तुला कुणी सांगितलं?"
कसले अक्रोड?
"त्या खिशात. नेहमी. फाटेल म्हणून मी ओरडायचे."
मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.
मी फक्त मोजलं होतं.

मग तिनं हात वर नेला.
कॉलरच्या वर, जिथं मी फक्त भिंत रंगवली होती,
तिथं ओल्या रंगाला न लागता
तिचं बोट थांबलं.
"कान इथं यायचा त्याचा."

सवयीनं मी एक डोळा मिटला.
खांद्यापासून कॉलर, कॉलरपासून बोट.
माप बरोबर होतं.

पैशांबरोबर तिनं एक लवाश दिला, अजून ऊन.
ती गेल्यावर मी तो उभ्यानंच खाल्ला,
शेवटचा तुकडा मात्र हातात राहिला,
बोटांत कधी मळला गेला
कळलंच नाही.