तांबडी शाई, हिरवी शाई

खुर्ची दक्षिणेच्या खिडकीकडे वळव, त्शेनोलो.
युरोपातल्या पुस्तकांत उत्तरेचा उजेड लिहिलाय,
ते त्यांचं त्यांना. इथे गाबोरोनेत
सूर्य उत्तरेकडून चालतो,
आणि हिरा तपासायला सूर्य लागत नाही,
नुसता उजेड लागतो.

भिंग डोळ्याला चिकटव. खडा भिंगाकडे आण,
डोकं खड्याकडे नेऊ नकोस, मान जाते; माझी गेली.
दुसरा डोळा मिटू नकोस.
आधी काहीच कळणार नाही,
आरशांच्या खोलीत ढकलल्यासारखं होईल.
थांब तिथेच.

मग दिसेल पीस.
असते चीर, पण तिरपी धरली की
तशीच पांढरी, भुरभुरती, म्हणून पीस.
काठापर्यंत पोचली असेल तर सोनाराला कळवायचं,
नाहीतर कोंदणात बसवताना टच्‌कन आवाज येतो
आणि मग सगळे एकमेकांकडे बघतात.
दिसेल सुई. दिसेल टाचणीचं टोक.
अशी टोकं फार झाली की त्यांचा ढग होतो;
सुटं एकही नजरेत भरत नाही,
पण खडा तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा.

आणि हा बघ, लबाड.
एकच काळा कण, मधोमध, खोल.
खालच्या पैलूंनी त्याला झेललं, एकमेकांकडे फेकलं,
आता आठ दिसतात.
आठ मोजू नकोस. गुन्हा एकाचाच आहे.
तरी भाव उतरेल.
हाच काठाला असता तर अंगठीच्या नखाखाली गेला असता
आणि कुणीतरी जन्मभर हात मिरवला असता.

तुला माझ्या नावाचं हसू येतं, ठाऊक आहे मला.
मोसिदी, काजळी,
आणि बसलीय हिऱ्यातले डाग निवडत.

कागदावर लिहायचं: किंचित. फार किंचित. फार फार किंचित.
एका 'फार'मागे मोलेपोलोलेत घर उभं राहतं,
पत्र्याचं नव्हे, विटांचं.

सेरोवेची एक बाई आली होती.
नवरा ज्वानेंगच्या खाणीत डंपर चालवायचा,
त्यानं हप्त्याहप्त्यानं घेतलेली अंगठी.
सोनाराकडे घट्ट करायला दिली, तेव्हापासून तिला झोप नव्हती:
खडा माझाच ना?
मी जुना नकाशा काढला.
तांबड्या शाईत आतलं, हिरव्या शाईत वरवरचं.
काठाजवळ एक लाल कण, त्याच्याखाली वाकडं पीस.
भिंगातही तसंच, तिथेच.
तुमचाच, मी म्हटलं.
ती कितीतरी वेळ नकाशाकडे बघत राहिली.
मग म्हणाली, दुकानदारानं तर शपथेवर सांगितलं होतं
की आत काहीसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात
सकाळपासून प्रत्येक खड्यात एक केस.
बारीक, वाकडा, डावीकडे.
मी बारा खडे एकेक पायरी खाली उतरवले.
तेरावा फिरवला, केस फिरला नाही.
डोळा फिरवला,
केस मागून तरंगत आला,
झोपेतून उठवल्यासारखा, सावकाश.

डॉक्टरनं त्याचं भिंग माझ्या डोळ्यावर धरलं.
विचारणार होते, कुठल्या शाईत लिहिताय?
तो म्हणाला, वय झालं.

बारा पाकिटं परत मागवली, माफीचं पत्र लिहिलं,
दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावलं.
नऊ होते तसे वर चढले.
तिघांत खरंच केस होता.

तर हे भिंग आता तुझं.
बघ. काय दिसतं?
घाई नको. आधी पूस.
निघालं तर धूळ.
नाही निघालं, तर खडा फिरव, मग डोळा फिरव,
आणि मगच
तांबडी लेखणी उचल.