जुडगा

रात्री अडीचला फोन वाजला
तेव्हा आधी चष्मा शोधला, मग फोन.
या वयात अडीचचा फोन
चष्म्याशिवाय घेऊ नये.

"बाबा, गाडी चालू होत नाहीये."
मागे वारा. एवढा,
की मुंढव्यात माझ्या खिडकीचा पडदा बघितला मी.
स्लोव्हेनियातला कुठलासा घाट,
भाड्याची गाडी, कुलूप लावलेला पेट्रोलपंप,
आणि कंपनीच्या नंबरावर एक बाई
गोड आवाजात थांबायला सांगतेय
चाळीस मिनिटं झाली.

स्टार्टर फिरतो का?
"फिरतो. लागते, आणि दोन सेकंदांत मरते."
समोर काय दिसतंय?
"पिवळा दिवा. छोटी गाडी, तिच्यात किल्ली. लुकलुकतोय."

हुश्श.
बत्तीस वर्षं नाना पेठेत वायरिंग केलं,
वर पत्रा, खाली मी उताणा,
लोकांच्या स्टिअरिंगखाली डोकं घालून.
तो दिवा माझ्या ओळखीचा आहे.
इंजिनाला काही झालेलं नसतं,
बॅटरी ठणठणीत, टाकी अर्धी तरी भरलेली.
गाडी फक्त विचारत असते, कोण?
आणि उत्तर तिला पटत नसतं.

मग पोऱ्यांना सांगायचो तसं सांगायला लागलो:
किल्लीच्या डोक्यात तांदळाएवढी चिप,
तिला सेल नाही, काही नाही.
कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं कडं.
कडं हाक मारतं, चिप ओ देते.
ओ ओळखीची असेल तर डिझेल सोडायचं, नाहीतर…
"अहो, थोडक्यात सांगा तिला," ही उठून बसली होती,
"थंडीत उभी आहे पोरगी."

थोडक्यात: दार लाव, दहा मिनिटं थांब, परत मार.
थांबली. मारली. मेली.
दुसरी किल्ली?
"भाड्याच्या गाडीला कोण देतं दुसरी?"
दहाचा पाना?
यावर ती काही बोललीच नाही.

तेवढ्यात फोनमधून छनछन ऐकू आली.
कसला गं आवाज?
"किल्ल्यांचा."
किल्ल्यांचा म्हणजे? किती आहेत?
"माझाच जुडगा, बाबा.
भाड्याची हरवू नये म्हणून त्यातच अडकवली."

काय काय आहे त्यात, मोठ्याने वाच.
म्युनिकच्या खोलीची. सायकलची. टपालपेटीची.
"आपल्या घराची. आणि सोसायटीच्या फाटकाचा
तो निळा बिल्ला."

तो बिल्ला.
सहा वर्षं झाली तिला जाऊन.
फाटकावर आता कॅमेरा आहे, नंबर वाचून दांडा उचलतो,
बिल्ल्याचं यंत्र गंजून पडलंय वॉचमनच्या कॉटखाली.
पण बिल्ल्याला हे कुणी कळवलेलं नाही.
कुठल्याही तारेने हाक मारली
की हा पठ्ठ्या आधी ओ देतो,
चिपच्याही आधी, अगदी घाटातसुद्धा.

काढ तो. सगळाच जुडगा काढ.
पाठीमागच्या सीटवर फेक. किल्ली एकटी लाव.

कडी घट्ट होती. नख मोडलं, ते ऐकू आलं,
नंतर एक शिवी, मराठी,
मग काहीच नाही,
मग इंजिन.
वाऱ्याच्या वर, जाड, थोडं खरखरतं,
दोन सेकंद, तीन, दहा.
मी उगाचच अजून मोजत राहिलो.

पाऊण तासाने फोटो आला.
हॉटेलचं टेबल, एका कडेला भाड्याची किल्ली,
लांब दुसऱ्या कडेला जुडगा.
खाली लिहिलंय, दोघांना वेगळं निजवलंय.
मी बोटांनी मोठा केला:
आपल्या घराची किल्ली, डोक्यावर लाल ठिपका,
अंधारात चाचपडू नये म्हणून
हिने कधीतरी नेलपॉलिशचा लावलेला.

हीही बघत होती, माझ्या खांद्यावरून.
"लॅच बदललं ते सांगितलंत का तिला?"

आत्ता नको, म्हटलं.
गाडी चालवतेय ती.

"पोचली की."

उद्या परत चालवणार आहे.