एकोणिसावी ओळ

अवाले सरांनी दिलेलं काम साधं होतं:
घरातली एखादी कविता उतरवून आणा,
अक्षरं मोजा, परत परत येणारे शब्द अधोरेखित करा.
यमक नसलं तर नसू दे,
आपल्याकडे ते काम अनुप्रास करतो.
एकच व्यंजन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत,
सगळ्या कळपामागे एकच गुराखी.

मी शुग्री आत्याची घेतली. सत्तावीस ओळी.
ती दुधाचं भांडं मांडीवर डुलवत म्हणत गेली,
मी लिहीत गेले:

    गेला मेघ, गवत गेलं,
    गाळ गिळून गुरं गेली…

प्रत्येक ओळीत ग.
उंटालाच आम्ही गेल म्हणतो,
तेव्हा बुरो गावात ग-ला काय तोटा!
वहीत मी लिहिलं, 'अक्षर सोपं निवडलं आहे.'
सरांनी समासात बरोबरची खूण केली.

'गेला' सहा वेळा. 'गाळ' चार. 'गप्प' तीन,
त्यातला एक मी आधी मोजायला विसरले होते.
पण एकोणिसावी ओळ
दोन अक्षरांनी तोकडी.
सरांची लाल रेघ: लंगडी. उतरवताना चुकलीस?

परत गेले. आत्या, ती गलबताची ओळ म्हण.
तिला मधूनच म्हणता येत नाही,
तिने मेघापासून सुरुवात केली.
अठरा ओळी भांडं एका तालात डुललं, आणि मग

    गलबत गेलं गडद पाण्यात, गेला

इथे ओठ मिटले. भांडं थांबलं नाही.
एक हेलकावा. दुसरा हेलकावा.
मग विसावी ओळ, जशीच्या तशी.

'इथे काय आहे, आत्या?'
'काही नाही. म्हणून तर मोजून ठेवलंय.'
आणि तिने झाकण उघडून
लोणी आलं का ते पाहिलं.

तिचा थोरला बोसासोहून होडीत बसला
त्याला या रमजानात चार वर्षं होतील.
त्याच्या नावात अक्षरं दोन.
पहिलं कुठलं, ते आत्या म्हणाली नाही,
मीही इथे लिहीत नाही.

वहीतलं 'सोपं' मी खोडलं.
लाल रेघेखाली लिहिलं: ओळ पूर्ण आहे, ठेका धरून बघा.

मधल्या सुट्टीत सर टेबलावर पट्टी वाजवत बसले होते.
मी दाराशी उभी. गेला मेघ, गवत गेलं…
एकोणिसाव्या ओळीच्या टोकाला
पट्टी दोनदा नुसत्या लाकडावर पडली.

लाल शाई पुसता येत नाही.
सरांनी तीच लेखणी उघडली
आणि ओळ संपते तिथे
दोन टिंबं दिली.