यंत्र एकतीस

डब्या चाळीस. काडेपेटीएवढ्या, पांढऱ्या,
प्रत्येकीला दर दहा मिनिटांनी
एक आकडा लिहायची खोड.
विद्यापीठाने त्या कुरिअरने पाठवल्या,
मला एस.टी.ने.

चैत्र संपताना रत्नागिरीत टांगल्या:
माळनाक्याला सहाव्या मजल्यावर, स्लॅबखाली,
मांडवीला गिलावा न केलेल्या चिऱ्यावर,
राजिवड्यात पत्र्याच्या पोटाशी.
कुणी विचारलं, यात कॅमेरा नाही ना?
कुणी विचारलं, स्कीम कुठली, फॉर्म कधी भरायचा?
निवृत्त हेडमास्तर शिरधनकरांनी
भिंतीला पाडलेल्या भोकाची पावती मागितली.
दिली.

प्रश्न एवढाच होता:
रात्री किती वाजता निवतं घर?
जांभा किती ऊब धरून बसतो, सिमेंट किती,
दोन इमारतींमध्ये केवढा बोळ ठेवला
तर वाऱ्याला अंग चोरून जावं लागणार नाही.
शाळेच्या भूगोलात खारे वारे, मतलई वारे
दोन बाणांवर भागले होते.
चित्रात एक माड होता, एक होडी.
इमारत नव्हती एकही.

वैशाखात आकडे आले.
माळनाका पहाटे तीनला बत्तीसवर अडलेला,
कुणाचं तरी बोलणं मनाला लावून घेतल्यासारखा.
चिरा उशिरा तापला, उशिरा निवला, पण निवला.
आणि यंत्र एकतीस, राजिवडा, पत्रा:
मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी
रात्री अकराच्या सुमारास
चार अंशांनी धप्पकन खाली.
सर फोनवर म्हणाले, बिघडलंय ते.
काढून टाक, रेषा सरळ होईल.

काढायला म्हणूनच गेले, शनिवारी, स्क्रूड्रायव्हर घेऊन.
हमीदा सोलकर दारात बसून
मोगरीने बर्फ फोडत होती.
डबीच्या बरोब्बर खाली तीन क्रेट,
बर्फ, बांगडा, बर्फ, वर ओलं गोणपाट.
दुसरीकडे जागा कुठाय गो, म्हणाली,
नि उद्या रविवार.
बुध, शुक्र, रवि गाव मासे खातं,
आदल्या रात्री तिचं घर थंड असतं.
क्रेटला पावलं टेकवून
तिचे दोन मुलगे झोपले होते, तोंडं उघडी.
वास?
वासाची सवय होते. उकाड्याची नाय होत.

मी मोबाइलवर आलेख दाखवला.
एका मंगळवारी मात्र खड्डा नव्हता.
तिने बोटं मोजली नाहीत, भिंतीकडे पाहिलं नाही.
दुसऱ्या दिवशी संकष्टी, म्हणाली,
बुधवार फुकट गेला माझा.
मला संकष्टी कळते ती
आईचा फोन आला तर.

स्क्रू पिळायला हात गेला नाही.
तक्त्यात ‘कारण’ नावाचा रकाना होता,
एकोणचाळीस घरांपुढे छप्पर, उंची, दिशा.
तिच्यापुढे लिहिलं: बांगडा.
सर आठवडाभर मेलला उत्तर देईनात.
मग एक ओळ आली:
तळटीप चालेल.

आता अहवाल नगर परिषदेत आहे,
लाल फडक्यात, कुठल्याशा कपाटात:
बोळांची रुंदी, छपरांचा रंग, भिंतींची जाडी,
आणि पान एकशे सहावर, बारीक अक्षरात
एक बाई, आठवड्यातून तीन रात्री.
डबी मी तिथेच ठेवली.
बॅटरी अजून वर्षभर चालेल.

निघताना हमीदा विचारत होती,
तुमच्या त्या बऱ्या शहरात
बर्फ ठेवायला जागा काढलीत काय?
मी नकाशा उलगडला, उंबऱ्यावरच, टॉर्चच्या उजेडात.
बराच वेळ बघत राहिले.
तिने माझ्या तळहातावर एक तुकडा ठेवला.
स्टँडपर्यंत पुरला नाही.